लाखोरीच्या शेतात गळ

विहीणबाईंच्या हातात मी मोठ्या आदबीने जो डबा ठेवला, तो नारळाच्या वड्यांचा नव्हता. तो आमिषाचा होता.

दोन्ही डबे एकाच मापाचे, दोन्हींची झाकणं निळी. एकात बायकोने केलेल्या वड्या आणि दुसऱ्यात मी खारवलेली कोळंबी. खारवलेली म्हणजे खाण्यासाठी नव्हे, गळाला लावण्यासाठी. जाड मीठ चोळून, पाणी निथळवून चामड्यासारखी चिवट केलेली, आणि वर एकेक कोळंबी लाल लवचीक दोऱ्याने गुंडाळलेली. आमच्या गुहागरच्या किनाऱ्यावरून लाटांच्या पलीकडे गळ फेकायचा तर ताजी कोळंबी अर्ध्या वाटेतच हुकावरून सुटते. हुक एकीकडे, कोळंबी दुसरीकडे, आणि माणूस रिकाम्या हुकाच्या भरवशावर तासभर वाळूत उभा. हे मी इतक्या वेळा केलं आहे की शेवटी मीठ आणि दोरा यांना शरण गेलो.

तर तो डबा. "घरचं आहे. खास तुमच्यासाठी," असंही मी वर म्हणालो.

विहीणबाईंनी झाकण उघडलं, वास घेतला, क्षणभर थांबल्या. मग "झिंगे आनले जी पाहुण्यानं," असं आत ओरडून स्वयंपाकघरात गेल्या. मी दोन दिवसांच्या प्रवासाने आंबून गेलो होतो. हातपाय धुतले आणि जरा पडलो, तो जेवणाच्या हाकेनेच उठलो.

पाटावर बसलो. व्याह्यांनी पहिला घास घेतला आणि चावता चावता थांबले. दोन बोटं तोंडात घालून त्यांनी दाढेतून काहीतरी लाल ओढायला सुरुवात केली. ते येतच राहिलं. सगळं बाहेर आल्यावर त्यांनी ते दिव्याच्या उजेडात धरलं.

"पाहुणे," ते गंभीरपणे म्हणाले, "तुमच्याकडल्या झिंग्याले धागा राहते का जी?"

माझी मुलगी सायली भात वाढत होती. तिने दोऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बाबा! हे आमिष आहे!"

"मले वाटलं, समुद्राकाठचे लोक, खारटच खात असतीन," विहीणबाई म्हणाल्या. "दोनदा धुतलं, तरी मीठ जाऊनच नाही राहिलं. धागा पाहून म्हनलं, बांधून शिजवाची रीत असंन."

माझे जावई प्रशांत खाली मान घालून हसत होते, त्यांचे खांदे हलत होते. मी प्रायश्चित्त म्हणून वाटीभर आमिष खाल्लं. दोरे काढून. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी पीत होतो.

मी गेलो होतो ते काही मासे धरायला नव्हे. सायलीला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत, आणि खरं सांगायचं तर तिच्या सासरी, गोंदियाकडेही तीच. तिला घेऊन येण्यासाठी बायकोने मला पाठवलं होतं. परतीची दोन तिकिटं काढली होती, दोन्ही खालची. बायको स्वतः आली असती, पण तिच्या गुडघ्याने त्या महिन्यात संप पुकारला होता. निघताना तिने गळाच्या काठीकडे पाहून कपाळाला हात लावला. "मुलीला आणायला चाललात की शार्क धरायला?" मी म्हटलं, पोरीला बरं वाटेल. लहानपणी ती माझ्याबरोबर किनाऱ्यावर यायची, आमिष तीच बांधायची. काठी दिसली की तिला घराची ओढ लागेल, असा माझा कावा होता. खारवलेल्या कोळंबीचा तो खरा उपयोग. माशांसाठी नव्हतीच ती.

बिरसीच्या अलीकडे

सायलीचं घर बिरसीच्या अलीकडच्या गावात आहे. बिरसीला विमानतळ आहे आणि विमान चालवायला शिकवणारी शाळा. प्रशांत तिथे विमानांच्या देखभालीचं काम करतात आणि उरलेल्या वेळात वडिलांबरोबर धानाची शेती. सायली आणि ते पुण्यात एका कॉलेजात होते, पुढचं तुम्हाला कळलंच असेल. ती आता गोंदियात एका शाळेत गणित शिकवते. सकाळी दोघं निघतात आणि संध्याकाळी येतात.

म्हणजे दिवसभर मी.

आमच्या गावात माणूस एकटा असला तरी समुद्र असतो. तो काही ऐकत नाही, पण बोलत असतो. इथे डिसेंबरची थंडी, दूरवर कापलेल्या धानाची धसकटं, मधे मधे पळस, आणि डोक्यावर एक छोटं पांढरं विमान. ते उठायचं, गावावरून मोठी गिरकी घ्यायचं, उतरायचं, जमिनीला टेकतं न टेकतं तोच पुन्हा उठायचं. कुठेच जायचं नाही. मी अंगणातल्या खाटेवर बसून दिवसभर ते पाहायचो. कुणीतरी पोरगं किंवा पोरगी शिकत असेल आत. कुठल्या तरी गावी त्यांचेही आईबाप फोनकडे बघत बसले असतील.

विहीणबाई कामातून येता-जाता माझी विचारपूस करत. विचारपूस म्हणजे सरळ हल्ला. "पाहुणे, तुमी एवढे बारीक काहून? विहीण खायले देत नाही का?" एकदा त्या हळूच म्हणाल्या, "तुमची पोरगी थंडीत पंखा लावून झोपते जी. आमी गोधड्या घेऊन राहिलो, अन् हिचा पंखा फिरूनच राहिला. दिवस गेले म्हनून गरम होत असंन, पन हे लगन झाल्यापासूनचं हाय." मी म्हटलं, आम्ही कोकणातले, उकाड्यात वाढलेले. उत्तर देऊन टाकलं आणि विसरलो.

जेवायला मात्र मजा होती. चिन्नोर तांदळाचा भात शिजायला लागला की अंगणापर्यंत वास यायचा. पोपटीच्या, म्हणजे वालासारख्या शेंगांच्या, दाण्यांची भाजी, उकडलेले शिंगाडे, लाखोरीच्या डाळीचे वडे. सायली वडे मोडून मोडून खायची आणि विहीणबाई तिच्या ताटात आणखी टाकायच्या. मला ते पाहून बरं वाटायचं आणि थोडं वाईटही. दोन्ही एकदम कसं वाटतं, ते मुलीच्या सासरी जाऊन जेवल्याशिवाय कळायचं नाही.

माहेरी नेण्याचा विषय मी काढला नव्हता. उद्या काढू, म्हणत होतो.

धसकटांत

दुसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर मी काठी काढली.

समुद्रावर गळ फेकणाऱ्यांच्या दोन काळज्या असतात. एक, किती लांब जातो. दुसरी, गेला तो आमिषासकट गेला का. लांब जायचा तर जोर लावावा लागतो, आणि जोर लावला की आमिष फाटतं. त्यावर उपाय असा : आमिष लांबट आणि सडपातळ बांधायचं, म्हणजे वाऱ्याला कमी अडतं. हुक लोंबकळता ठेवायचा नाही. शिशाच्या वजनाला तारेची छोटी वाकडी कडी करून तिच्यात अडकवायचा, म्हणजे हवेत आमिष शिशाच्या मागे लपून जातं आणि पाण्यावर आपटलं की आपोआप सुटतं. तंगूस, म्हणजे नायलॉनची दोरी, रिळावर काठोकाठ भरलेली हवी आणि बारीक हवी. फक्त शेवटचा तुकडा जाड, नाहीतर फेकताना शिसं तुटून गोळीसारखं जातं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाताने फेकायचं नाही, अंगाने फेकायचं. पाय रोवून, कंबर वळवून, तंगूस शेवटच्या क्षणी सोडायची. हे मला सगळं पाठ आहे. जमत अजूनही कधी कधीच.

घरामागच्या मोकळ्या शेतात जाऊन सराव करू, असं मी ठरवलं. आमिष तर आम्ही खाल्लं होतं. मग कोळंबीच्या मापाची एक पोपटीची शेंग घेतली, लाल दोऱ्याने बांधली आणि कडीला लावली. धसकटांत मधोमध उभा राहिलो. गार हवा, वारा नाही. पहिला फेकला, बरा गेला. शेंग शाबूत. ओढली तर धसकटांत अडकली असती, म्हणून मी चालत जाऊन ती घेऊन आलो, पुन्हा फेकली. पुन्हा गेलो, पुन्हा आलो. विमान वर गिरक्या घेत होतं आणि मी खाली. दोघांचंही शिक्षण चालू.

बांधावरून डोक्यावर भारा घेतलेली एक बाई चालली होती. ती थांबली.

"काय धरून राहिले जी?"

"काही नाही, सराव करतोय."

तिने काठीच्या टोकापासून शेंगेपर्यंत सगळं नीट पाहून घेतलं. "बांधीत मासे पावसाळ्यात राहतेत," ती धानाच्या खाचराकडे हात करून समजूत घालत म्हणाली. "आता नाही भेटनार." आणि निघून गेली. संध्याकाळपर्यंत गावभर झालं असणार की सायलीच्या बापाला जरा अक्कल कमी आहे.

थोड्या वेळाने व्याही आले. लांबूनच हात वर करून ओरडले, "पाहुणे, हलू नका! तिथंच थांबा!"

मला वाटलं, साप. मी काठी धरून एका पायावर गोठलो.

"पायाखाली पाहा."

पाहिलं. साप नव्हता. धसकटांच्या मधून हिरवे, नाजूक, बोटभर वेल वर आले होते. सगळीकडे. आणि जिथे जिथे मी शेंग आणायला गेलो-आलो होतो तिथे एक छान पायवाट पडली होती, दोन्ही बाजूंना लाखोरी, मधे चुरगाळा.

कापणीच्या आधीच, धान उभं असतानाच, त्याच्या पायाशी ओल्या मातीत लाखोरी शिंपडून ठेवतात. धान कापलं की खालून ती वर येते. नांगर नाही, पाणी नाही. आमच्याकडे शेत कापलं की ते मोकळं; त्यात क्रिकेट खेळायचं. कापलेलं शेत रिकामं नसतं, हे पन्नाशी उलटल्यावर मला तिथे कळलं. मी इतका ओशाळलो की माझ्याच पावलांवर पाय ठेवत बांधापर्यंत आलो.

"जाऊ द्या," व्याही म्हणाले. "तेवढी गायीनं खाल्ली समजू." मग त्यांनी माझ्या हातातून काठी घेतली, वजन पाहिलं. "किती दूर जाते हे?"

मी बांधावरून, या वेळी पडीक बाजूला, अंगाने फेकून दाखवलं. शिसं पळसाच्या पलीकडे जाऊन पडलं. व्याह्यांनी डोळ्यांवर हात धरून तिकडे पाहिलं.

"एवढ्या दूर कायले फेकता? जवळचे मासे खराब राहतेत का?"

मी समजावलं. समुद्रात काठाजवळ लाटा फुटतात, वाळू ढवळते. मोठा मासा लाटेच्या पलीकडे असतो. आमच्याकडे जवळचं पाणी कामाचं नाही.

"हां," ते म्हणाले. "म्हनून पोरगी एवढ्या दूर देल्ली का?"

आणि खो खो हसले. मीही हसलो. हसता हसता रीळ गुंडाळत होतो, ते जरा जास्तच वेळ गुंडाळत राहिलो.

नागरा

शनिवारी विहीणबाईंना नागऱ्याच्या महादेवाला जायचं होतं. व्याह्यांना काम होतं, म्हणून रिक्षातून आम्ही दोघंच गेलो. वाटेत त्यांनी मला गोंदियाच्या हिंदीत रिक्षावाल्याशी भांडून दाखवलं, "देखो भैया, पाहुना है तो क्या जादा लेगा," आणि जिंकल्या.

देऊळ जुनं आहे, दगडी. आत गारवा. आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. मी मनात मागत होतो. काय मागत होतो ते सांगतो : पोरीने हो म्हणावं, सुखरूप माझ्याबरोबर गाडीत बसावं, आणि तीन-चार महिने घर भरलेलं असावं. तिला हवं होतं म्हणून नव्हे. आम्हाला हवं होतं म्हणून. ती गेल्यापासून आम्ही दोघं संध्याकाळी टीव्हीचा आवाज वाढवतो, एवढंच सांगतो.

विहीणबाई मात्र मोठ्याने मागत होत्या, शेजाऱ्याशी बोलावं तसं. "माह्या सुनेले नीट मोकळी कर रे बापा. इथं होवो का तिथं होवो, तिले तरास नको." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मोठ्यानं मागा जी. देव म्हातारा झाला."

मी मोठ्याने काही मागितलं नाही. मला लाज वाटली.

बाहेर येऊन चहा घेताना त्याच म्हणाल्या, "नेनार ना तिले?"

"तिला विचारायचंय."

"तीन दिस झाले, अजून विचारलं नाही? तुमी काय करून राहिले मंग?"

काय करून राहिलो होतो? शेंग फेकून आणून राहिलो होतो.

तलाव

रविवारी सायलीला सुट्टी होती. व्याह्यांनी गावच्या तलावावर मासेमारी सोसायटीच्या माणसाला विचारून ठेवलं होतं. तो म्हणाला होता, एका काठीनं काय होते, टाकू द्या पाहुण्याले. या भागात असे तलाव गावोगाव आहेत, पिढ्यांपूर्वी शेतकऱ्यांनीच बांधलेले, अजूनही धानाला पाणी देणारे. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, उभं राहिलं की एकीकडे पाणी आणि दुसरीकडे शेतं. काठाला शिंगाड्याचे वेल पसरले होते, हिरव्या गालिच्यासारखे, चांगले लांबपर्यंत. मासा हवा तर गळ त्यांच्या पलीकडेच टाकायला हवा. मी मनातून खूश झालो. इथे लांब फेकण्याला शेवटी अर्थ होता.

प्रश्न आमिषाचा. घरात होती ती फक्त कणीक. कणकेचा गोळा म्हणजे आमिषांतलं सगळ्यात नाजूक. लांब फेकला की हवेतच विस्कटतो. मी सायलीला तसं म्हणालो.

ती देवघरातून सासूबाईंच्या वातींचा कापूस घेऊन आली होती. पाळीवर पाय लांब करून बसली, कापूस पिंजून कणकेत मळला, हुकाभोवती लांबट वळला, आणि लाल दोरा दातात धरून सरसर गुंडाळला. शेवटची गाठ जिभेने ओली करून ओढली. सहा वर्षांची असल्यापासून ती असंच करते. पोट आता मधे येत होतं, म्हणून ती जरा कडेला वळून बसली होती.

"घे. फेक."

मी पाय रोवले. कंबर वळवली. कुठून आलं कोण जाणे, पण ती फेक माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली असेल. शिसं शिंगाड्यांवरून, त्यांच्या पलीकडच्या मोकळ्या पाण्यावरून, कितीतरी पुढे गेलं आणि एक छोटा, गोल 'टुप्' झाला. नंतर शांतता. इतकी की रिळातली तंगूस थांबल्याचंसुद्धा कळलं.

"कसलाच आवाज नाही ना इथे?" सायली म्हणाली.

"नाही."

"लग्नानंतर पहिल्यांदा मला झोपच लागेना. शांततेने. आपल्या घरी लाट असते ना सारखी. मग पंखा लावायला लागले. डोळे मिटले की जरा तसं वाटतं." ती हसली. "इथल्या आईंना वाटतं मला गरम होतं. प्रशांतलाही तेच सांगितलंय. तू बोलू नकोस."

मला वाटलं, आता विचारावं. ही वेळ. काठी, दोरा, लाट, सगळं जमून आलंय. माझा कावा यशस्वी झाला होता. मी तोंड उघडलं.

"बाबा, मी येणार नाही," ती म्हणाली.

"मी अजून विचारलं नाही."

"दोन तिकिटं आहेत. आईने फोनवर सांगितलंय. तुला वाटलं, मला माहीत नाही?"

"डॉक्टर नको म्हणाले का?"

"नाही. डॉक्टर जा म्हणाले. हे पण जा म्हणाले. आई तर रोज म्हणतात, माहेरी जाऊन ये."

"मग?"

ती दोऱ्याचं रीळ बोटावर गुंडाळत आणि उलगडत बसली.

"दिवाळीत आले होते, आठवतं? परत निघाले तेव्हा घाट चढेपर्यंत रडत होते. मागच्या सीटवर तोंड लपवून. यांना वाटलं, गाडी लागली. मग इथे आल्यावर आठ-पंधरा दिवस काहीच गोड लागेना. शाळेत शिकवताना फळ्यावरचं दिसेना. हळूहळू बसते रे घडी. आता कुठे बसली आहे. आता बाळ घेऊन चार महिने राहिले, रोज समुद्र, रोज आईच्या हातचं, आणि मग उचलून निघायचं, तर मी परतच येणार नाही, बाबा. मला माझं ठाऊक आहे. आणि मला यायचंय. हे घर माझं आहे."

माझ्याकडे मुद्दे होते. गाडीत बसून तयार केले होते. आईच्या हातचं तेल लावणं, गावातल्या अनुभवी बायका, आंबे येतीलच तोवर. पण ते वापरायचे म्हणजे बापाने मुलीला म्हणायचं काय, की तू तिथे रडशील म्हणूनच चल?

"आईला कोण सांगणार?" मी विचारलं.

"तू."

"मी का?"

"न्यायला तू आलास ना."

मासा लागला नाही. बराच वेळ वाट पाहून मी गळ ओढून घेतला. शिंगाड्यांवरून तो सळसळत आला. आमिष जसंच्या तसं होतं, भिजून जरा फुगलेलं, पण दोऱ्याखाली घट्ट. सायलीने ते हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं.

"बघ," ती म्हणाली, "हात गेलेला नाही अजून माझा."

मी पुन्हा फेकला. तिने आणखी एक बांधून ठेवलं, मग आणखी एक. मासा नाहीच आला. ऊन उतरायला लागलं तशी पाळीवरून प्रशांत मोटरसायकल घेऊन आले. तिला उठताना त्यांनी हात दिला आणि ती त्यांच्या खांद्यावर टेकून उभी राहिली, जरा वेळ. मी तंगूस गुंडाळत होतो. गुंडाळायला काही फार नव्हतं, पण गुंडाळत होतो.

परत

स्टेशनवर सगळे आले. विहीणबाईंनी चिन्नोर तांदळाची पिशवी आणि शिंगाड्याचं पीठ दिलं. व्याही म्हणाले, "उन्हाळ्यात या जी. लाखोरी निघालेली राहीन. मंग पूर्ण शेत तुमचं, फेका कितीबी." सायली खिडकीच्या गजांतून हात घालून माझा मफलर नीट करत राहिली. गाडी हलली तशी ती हसत होती आणि हात हलवत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं नाही. पाहिलं असतं तर उतरलो असतो.

समोरचा बर्थ रिकामा. तिकीट तपासनीस आला, म्हणाला, "दुसरे प्रवासी?" मी म्हटलं, नाही आले. त्याने खूण केली आणि पुढे गेला. नागपूरला एक गृहस्थ त्या बर्थवर बसले, लगेच घोरायला लागले. पहाटेपर्यंत मला ते घोरणं फार सोबतीचं वाटलं, हे कुणाला सांगू नका.

घरी पोचलो तेव्हा बायको दारातच होती. तिने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागे पाहिलं, रिक्षात पाहिलं. आत गेली आणि पाणी घेऊन आली.

मी सगळं सांगितलं. आमिषाचा डबा, लाखोरी, विहीणबाईंची प्रार्थना. तिथपर्यंत ती हसली. मग तलाव सांगितला. पंख्याचं सांगितलं. घाटाचं सांगितलं. तिने पदराने चष्मा पुसला, घालून पाहिला, पुन्हा पुसला. बाहेर भरती होती, लाटेचा आवाज खिडकीपर्यंत येत होता.

"बरं," ती शेवटी उठत म्हणाली. "मग मीच जाते. गुडघ्याला पट्टा बांधीन. डिंकाचे लाडू इथूनच करून नेते, तिकडे डिंक कसला मिळतो कोण जाणे."

"कधी निघायचं?" मी म्हणालो. "मीही रजा टाकतो."

"तुम्ही नका येऊ," ती म्हणाली. "तुम्हाला बघितलं की तिला समुद्र आठवेल."